दुखत नाही, नुसते भरून आले आहे

मराठीत ‘दुखणे’ हा शब्द आपण फार ऐसपैस वापरतो. दात दुखतो, डोके दुखते, चालून चालून पाय दुखतात आणि कुणी टाकून बोलले तर मनही दुखते. असा सर्वत्र संचार करणारा हा शब्द, जिथे त्याची खरी गरज असते तिथे मात्र हटकून गैरहजर राहतो, हे रुग्णांच्या उशाशी बसता बसता माझ्या ध्यानात येत गेले. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला डॉक्टर विचारतात, "छातीत दुखते का?" आणि तो अगदी प्रामाणिकपणे उत्तर देतो, "नाही." प्रश्न योग्यच असतो. उत्तरही खोटे नसते. दोघांच्या मध्ये जो शब्द उभा असतो, तोच दगा देतो.

गेली सव्वीस वर्षे मी वसई परिसरातील निरनिराळ्या धर्मग्रामांत सेवा करीत आलो आहे. रुग्णांच्या तैलाभ्यंगाच्या निमित्ताने आणि त्याहूनही अधिक वेळा, माणूस बरा होऊन घरी परतल्यावर चहाच्या निमित्ताने, पुष्कळ हृदयरुग्णांशी माझे बोलणे झाले आहे. "काय झाले होते?" असे मी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर फाईलमधले असते. "त्या वेळी कसे वाटत होते?" असे विचारतो. एका रिक्षाचालकाने सांगितले, छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखे. मासळी विकणारी एक मावशी म्हणाली, ओली गोणी अंगावर टाकल्यासारखी. एका गृहस्थांना घास अडकल्यासारखे वाटत होते, आणि त्यांनी तर सकाळपासून काही खाल्लेलेही नव्हते. एक वृद्धा एवढेच म्हणाली, "डावा हात माझा नव्हताच, फादर." आणि दोघांतिघांनी, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट सांगितली : काहीतरी वाईट घडणार आहे, एवढेच कळत होते, कुठे आणि काय, ते कळत नव्हते. या अनामिक धास्तीची डॉक्टरांनाही ओळख आहे. लक्षणांच्या यादीत ते तिची नोंद करतात.

यांपैकी क्वचितच कुणी ‘दुखत होते’ हा शब्द उच्चारला. तरीही झटक्याचे जे चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे, ते नाटक-सिनेमातल्या बापाचे. मुलगी घर सोडून निघते, बाप छातीवर हात दाबतो, किंचाळतो आणि सोफ्यावर कोसळतो. नटाचा नाइलाज असतो. त्याला शेवटच्या रांगेपर्यंत दाखवायचे असते. पण प्रत्यक्षात अनेकांचा झटका हळूहळू सुरू होतो, थोडा ओसरतो, पुन्हा येतो. आणि त्या अवधीत माणूस उठून पाणी पितो, पंखा वाढवतो, कूस बदलतो. सिनेमातल्यासारखे काही होत नाही म्हणून हे ‘ते’ नव्हे, असा निष्कर्ष तो काढतो.

आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या घरी असेच घडले. डिसेंबर महिना होता. नातवाच्या बाप्तिस्म्याचा दिवस. घर पाहुण्यांनी भरलेले, जेवण सणाचे आणि जड. रात्री साडेनऊच्या सुमारास बाईंना अस्वस्थ वाटू लागले. पित्त झाले असेल, असे त्या स्वतःच म्हणाल्या. एकीने लिंबू-सोडा आणला, दुसरीने ओवा दिला, जावेने पोटावर हिंग चोळला. कुणीही हयगय केली नाही. माया एवढी होती, की दर अर्ध्या तासाने नवा उपाय पुढे येत होता आणि प्रत्येक उपायाला गुण येण्यासाठी आणखी अर्धा तास दिला जात होता. फक्त धाकट्या सुनेने एकदा विचारले, "थंडी एवढी आहे, आणि आईंना घाम कसा?" खोली पाहुण्यांनी भरलेली असल्यामुळे उकडत असेल, असे त्यावर ठरले. बाई पहाटे चारच्या सुमारास गेल्या.

पुढे काही आठवड्यांनी त्यांचे पती माझ्याकडे आले. तेही शिक्षक. त्यांनी खिशातून वहीचे एक पान काढले. त्या रात्री बाई जे जे बोलल्या होत्या, ते त्यांनी आठवून, क्रमवार, सुवाच्य अक्षरात लिहून काढले होते. ‘कसेतरी होते.’ ‘खिडकी उघडा.’ ‘पाठीत भरून आले आहे.’ ‘गळा आवळतो.’ ‘मळमळते.’ ‘मला काही झालेले नाही, तुम्ही झोपा.’ पान माझ्यापुढे ठेवून मास्तर म्हणाले, "फादर, यात दुखते असे कुठे आहे? मी दहा वेळा वाचले."

त्या पानावर ते नव्हतेच. आणि तरीही जाणत्या माणसाने ते पान वाचले असते तर दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच तो उठून उभा राहिला असता. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक घडते. छातीवरचे दडपण त्यांनाही जाणवते. तेच त्यांचेही सर्वाधिक आढळणारे लक्षण आहे. परंतु त्याच्या जोडीला दम लागणे, मळमळ, पाठ किंवा जबडा भरून येणे, विलक्षण थकवा ही लक्षणे पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात येतात आणि मूळ लक्षण त्या गर्दीत हरवते. शिवाय घरातल्या बाईला हृदयविकार होईल अशी शंकाच आपल्याला येत नाही. तिला पित्त होते, तिला दगदग होते, तिला काळजी असते. हृदय मात्र पुरुषालाच असते, असा जणू आपला समज आहे.

सेमिनरीत आम्हांला लॅटिन शिकावे लागे. त्या भाषेने पुढे फारसा व्यावहारिक उपयोग करून दिला नाही. पण या विषयात तिने मला एक दार उघडून दिले. विल्यम हेबर्डन नावाच्या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये एक निबंध वाचला. तो १७७२ साली छापला गेला. त्यात त्याने छातीच्या एका विकाराचे वर्णन केले आणि त्याला नाव दिले ‘अंजायना पेक्टोरिस’. ‘पेक्टोरिस’ म्हणजे छातीचा. आणि ‘अंजायना’च्या मुळाशी जे क्रियापद आहे, ‘आंगेरे’, त्याचा अर्थ दुखणे असा नाही. आवळणे, गळा दाबणे असा आहे. ‘आंगुस्तिया’ म्हणजे अरुंद जागा, कोंडी, आणि त्यावरून मनाची व्यथा, हाही शब्द त्याच कुळातला. अडीचशे वर्षांपूर्वी हेबर्डनने रुग्णांचे बोलणे कान देऊन ऐकले आणि त्यांनी जे सांगितले तेच नावात घातले. बाई म्हणाल्या होत्या, गळा आवळतो.

हेबर्डनचे वर्णन आजही जुने झालेले नाही. हा त्रास चालताना येतो, चढ असेल आणि नुकतेच जेवण झालेले असेल तर हमखास येतो. पुढे एक पाऊल टाकले तर प्राण जाईल असे वाटते. आणि माणूस उभा राहिला की त्रास जणू नव्हताच, असा नाहीसा होतो. पुढे रोग मुरला की अंथरुणात पडल्या पडल्याही येतो, मनाच्या क्षोभानेही येतो. मात्र हा विकार हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. (त्याने आणखी एक गंमत नोंदवून ठेवली आहे : एका रुग्णाने रोज अर्धा तास लाकूड करवतण्याचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला! व्यायामाचे महत्त्व सांगणाऱ्या आजच्या डॉक्टरांनी त्या अनाम लाकूडतोड्याला वंदन करायला हरकत नाही.)

मग प्रश्न असा, की बिघाड हृदयात असताना जबडा का धरतो, हात का जड होतो, पोटाच्या वरच्या भागात जळजळ का होते? याचे उत्तर मला एका डॉक्टरांनी समजावले. ते मी माझ्या पद्धतीने सांगतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत वर्षानुवर्षे मेदाचा थर साचत गेलेला असतो. एखाद्या दिवशी त्या थराला चीर पडते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाहिनी बंद पडते. पलीकडच्या स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो. उपाशी स्नायूतून काही रसायने पाझरतात, ती मज्जातंतूंना डिवचतात आणि संदेश मेंदूकडे निघतो. पण हृदयाच्या तंतूंना मेंदूपर्यंत स्वतंत्र रस्ता नाही. पाठीच्या कण्यात ज्या ठिकाणी ते शिरतात, त्याच ठिकाणी छातीच्या भिंतीचे आणि हाताच्या आतल्या बाजूचे तंतूही येऊन मिळतात. आमच्या एका वाडीत एकाच नावाचे चार फ्रान्सिस राहतात. पत्रावर घरक्रमांक नसेल तर पोस्टमन ते ज्याची पत्रे नेहमी येतात त्याच्याच दारात टाकतो. मेंदूचे तसेच होते. हातातून, खांद्यातून त्याला जन्मभर निरोप आलेले आहेत. हृदयाकडून आजवर कधी अक्षर आलेले नाही. म्हणून पहिलेच पत्र आले, की तो ते हाताच्या किंवा जबड्याच्या दारात टाकतो.

काही वेळा तर पत्र निघतच नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात मज्जातंतू निकामी होत जातात. पायाला जखम झालेली कळत नाही, तसा हृदयाचा आक्रोशही कळत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ सालापासून हजारो लोकांच्या हृदयाचा पाठपुरावा चालू आहे. तिथल्या तीस वर्षांच्या नोंदी १९८४ साली प्रसिद्ध झाल्या, तेव्हा असे दिसले की झालेल्या झटक्यांपैकी पावहून अधिक झटके त्या वेळी ओळखलेच गेले नव्हते. पुढच्या नियमित तपासणीत ईसीजीच्या कागदावर त्यांचा व्रण सापडला. त्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांना काहीच जाणवले नव्हते. उरलेल्यांना जाणवले होते. पण ते ‘हे’ असेल, असे त्यांना किंवा त्यांच्या डॉक्टरांना वाटले नव्हते. मला या दुसऱ्या निम्म्यांची अधिक हळहळ वाटते. त्यांच्या दारात पत्र आलेले होते.

आता एका अशा माणसाविषयी सांगतो, ज्याने आपले पत्र स्वतःच वाचले. हे आमच्या धर्मग्रामातले फुलांचे बागायतदार. पहाटे उठून सोनचाफा तोडायचा, टोपल्या भरायच्या आणि गाडी पकडून दादरचा बाजार गाठायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. साठीच्या आसपास त्यांचा खालचा जबडा डाव्या बाजूने ठणकू लागला. दंतवैद्याकडे गेले. दाढ किडलेली होतीच, ती काढली. (आपल्या वयात किडलेली दाढ कुणाकडे नसते?) पंधरा दिवसांनी ठणका पुन्हा हजर. तेव्हा या गृहस्थांनी, ज्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे, असा विचार केला : दात दुखत असता तर जेवताना दुखला असता. हा जेवताना दुखत नाही. हा स्टेशनच्या पुलावर दुखतो, डोक्यावर टोपली असताना दुखतो आणि गाडीत बसायला जागा मिळाली की थांबतो. दाताला पूल कसा कळतो? ते दुसऱ्या दंतवैद्याकडे न जाता थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. तीन वाहिन्या अरुंद झालेल्या निघाल्या. शस्त्रक्रिया झाली. आता ते टोपली उचलत नाहीत, पण तो दात त्यांनी जपून ठेवला आहे आणि लग्न असो वा मयत, ही कथा सांगितल्याशिवाय ते राहत नाहीत. पुष्कळांना तिचा कंटाळा आला आहे. मला येत नाही, कारण मी तिचा ऋणी आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत सकाळच्या मिस्सेनंतर मी एका आजारी आजींना प्रभूभोजन देण्यासाठी पायी निघालो होतो. समोरून समुद्राचा गार वारा येत होता. काही अंतर गेल्यावर गळ्याशी कॉलर घट्ट झाल्यासारखी वाटली. मी ती सैल केली. तरी घट्टच. काढून खिशात ठेवली. तरीही घट्टच होती. थांबलो, तसे दोन मिनिटांत सर्व मोकळे झाले. चालू लागलो, की पुन्हा ती अदृश्य कॉलर कुणीतरी आवळली. दुखत मुळीच नव्हते. त्या क्षणी मला ना प्रार्थना आठवली, ना हेबर्डन. मला तो दात आठवला. दाताला पूल कळतो, तशी कॉलरला माझी पावले कळत होती. आजींच्या घरून मी धर्मग्रामातल्या एका डॉक्टरांना फोन केला. त्याच दिवशी तपासणी झाली आणि आठवड्याच्या आत एका वाहिनीत स्टेंट बसला. आजी त्यानंतर दोन वर्षे जगल्या आणि भेटलो की आधी माझ्याच प्रकृतीची चौकशी करीत.

माझे जे झाले तो झटका नव्हे. ती त्याची पूर्वसूचना. श्रम वाढले, की वाहिनीची क्षमता अपुरी पडते आणि थांबल्यावर भागते. श्रम, चढ, थंडी, भरल्या पोटी चालणे आणि राग ही त्याची निमित्ते. झटक्याचे मात्र तसे नाही. गुठळीने वाट बंद केली, की माणूस बसला काय नि झोपला काय, आवळ सुटत नाही. झटके दिवसाच्या कोणत्याही वेळी येतात. पण सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळेत ते अधिक येतात, कारण जाग येताना रक्तदाब चढतो आणि रक्त गोठण्याकडे थोडे झुकलेले असते.

निमित्ताचा हा विषय वैद्यकापेक्षा माझ्या व्यवसायात अधिक नाजूक ठरतो. जॉन हंटर हा अठराव्या शतकातला थोर स्कॉटिश शल्यवैद्य. त्याला स्वतःला हा विकार होता, आणि मला चिडवणाऱ्या कोणत्याही हलकट माणसाच्या हाती माझे प्राण आहेत, अशा अर्थाचे तो बोलत असे. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील बैठकीत वाद झाला, तो शेजारच्या खोलीत गेला आणि तिथेच कोसळला. त्याचा शिष्य एडवर्ड जेन्नर, म्हणजे देवीच्या लसीचा जनक, याला या दुखण्याचे मूळ हृदयाच्या कडक झालेल्या वाहिन्यांत असावे असा संशय फार आधी आला होता. परंतु गुरूला त्याचा धक्का बसेल म्हणून त्याने ते बोलणे लांबणीवर टाकले. शवविच्छेदनात त्या वाहिन्या खरोखरच कडक झालेल्या निघाल्या.

ही गोष्ट मी एका तरुणाला सांगितली, तेव्हा अर्धी सांगून भागणार नव्हते. त्याच्या वडिलांशी त्याचे जमिनीवरून कडाक्याचे भांडण झाले होते. बिल्डरला वाडी द्यायची की नाही, हा आमच्याकडचा घरोघरीचा वाद. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील गेले. नातेवाइकांनी उघड काही म्हटले नाही. पण मयताच्या घरी जी वाक्ये अर्धवट सोडली जातात, ती पूर्ण वाक्यांहून अधिक बोचतात. तो माझ्यासमोर बसून म्हणाला, "फादर, मी बापाला मारले."

त्याला पोकळ धीर देणे मला पटले नाही. राग हे निमित्त होऊ शकते, हे खरे आहे. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संतापाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत झटक्याची शक्यता सव्वादोन पटीच्या आसपास वाढलेली आढळली. पण ‘दोन तासांत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्याचे भांडण आदल्या दिवशीचे. आणि कोणत्याही ठरावीक दोन तासांत झटका येण्याची शक्यता मुळात इतकी अल्प असते, की ती दुप्पट झाली तरी अल्पच राहते. मी त्याला लॉस एंजेलिसच्या भूकंपाविषयीही सांगितले. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे साडेचारला तिथली जमीन हादरली. आदल्या आठवड्यात हृदयाच्या वाहिन्यांच्या विकाराने दररोज सरासरी पाचाहून थोडी कमी माणसे अकस्मात दगावत होती. त्या दिवशी चोवीस दगावली. मात्र पुढच्या काही दिवसांत ही संख्या नेहमीपेक्षाही खाली आली. म्हणजे भूकंपाने निरोगी हृदये फोडली नाहीत. जी अगदी काठावर होती ती काही दिवस आधी पडली. काठापर्यंत येण्यास वीस-तीस वर्षे लागतात. त्यांत विडी असते, वाढलेला रक्तदाब असतो, मधुमेह असतो, आनुवंशिकता असते. त्याचे वडील दिवसाला एक बंडल विडी ओढीत. त्याने सर्व ऐकून घेतले. त्याला ते पटले की नाही, हे मी सांगू शकत नाही. वर्षश्राद्धाच्या मिस्सेला तो पहिल्या बाकावर न बसता मागे खांबाशी उभा होता. बापाशी भांडलेल्या मुलाला क्षमा मागायला जागा हवी असते, हे मान्य. पण खुनाचा आरोप त्याने स्वतःवर लादून घेऊ नये, एवढेच मला त्याला सांगायचे होते.

ओळखण्याच्या प्रश्नाकडे परत येतो. आपल्या देशात रुग्ण किती उशिरा पोहोचतो, याचा मोठा अभ्यास बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांच्या पुढाकाराने झाला. हे महाविद्यालय भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने १९६३ साली स्थापन केले. देशभरातील ८९ रुग्णालयांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी २००८ साली प्रसिद्ध झाल्या. वाहिनी पूर्ण बंद होऊन येणाऱ्या मोठ्या झटक्याच्या रुग्णांपैकी निम्म्यांना त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात येईपर्यंत सहा तास किंवा त्याहून अधिक लागले होते. आत आल्यावर गुठळी विरघळवण्याचे औषध मिळेपर्यंत मात्र पाऊण-एक तास. महिन्याभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण गरिबांत शेकडा आठाच्या वर, तर सधनांत साडेपाच होते; गरिबांना उपचारही कमी मिळाले होते.

हे सहा तास कुठे जातात? रस्त्यावर जातात, पैशांच्या जुळवाजुळवीत जातात, हे खरेच. पण घरातही जातात. मुलगा रात्रपाळीवरून येऊ दे. शेजाऱ्यांची झोप का मोडायची? आणि सर्वांत मोठी धास्ती म्हणजे, एवढा गाजावाजा करून शेवटी गॅसच निघाला तर? आमच्या माणसाला मरणाची भीती कमी आणि हसे होण्याची अधिक. कधीकधी तर डॉक्टरांआधी मला फोन येतो. मी चर्चमध्ये जाहीर सांगितले आहे : आधी १०८, मग मी. रुग्णवाहिकेमागून मोटारसायकलने येणे मला जमते.

डॉक्टरांकडून जे मी शिकलो ते थोडक्यात असे. छातीच्या मध्यावर, गळ्याशी, जबड्यात, हातात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दडपण, आवळ, जडपणा किंवा जळजळ सुरू झाली आणि ती दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही. किंवा जोडीला थंड घाम, दम, मळमळ, गरगर आली, तर वाट पाहू नये. सोड्याने ढेकर येऊन बरे वाटले, म्हणजे ते पित्तच होते, असे सिद्ध होत नाही. स्वतः गाडी चालवीत जाऊ नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा विकार नसेल, तर फोनवरचे डॉक्टर ॲस्पिरिन चावून खायला सांगतात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड चाचणीत या स्वस्त गोळीने मृत्यू सुमारे पावपट कमी केल्याचे दिसले. शेजाऱ्याच्या डबीतली जिभेखालची गोळी मात्र परस्पर देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. आणि पहिला ईसीजी चांगला आला म्हणून घरी परतण्याची घाई करू नये. काही तासांच्या अंतराने पुन्हा रक्त तपासावे लागते.

गेल्या पावसाळ्यात गायनवृंदाच्या सरावात एका काकूंना अचानक श्वास पुरेना. पाठीत भरून आले, कपाळावर घाम आला. फुलवाले बागायतदार तिथेच होते, अर्थात ते दाताची गोष्ट सांगत होते. त्यांनी काकूंना बाकावर टेकून बसवले आणि कुणाचे काही न ऐकता १०८ लावला. रुग्णालयात रात्रभर ठेवून सर्व तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत. पित्तच निघाले. दुसऱ्या दिवशी काकू घरी आल्या आणि त्या रविवारी सरावालाच आल्या नाहीत. दोन-चार जणांनी थट्टा केली होती : एवढी मोठी रुग्णवाहिका, आणि आत एक ढेकर!

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची पुसली, चहा ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "सगळ्यांना उगाच त्रास दिला, फादर."

"पाठीत भरून आले होते ना?"

"हो."

"घाम आला होता?"

"आला होता."

"मग उगाच कसा?"

त्या काही बोलल्या नाहीत. चहा उकळून पातेल्याच्या काठाशी आला, तेव्हा गॅस बारीक करीत त्यांनी विचारले, "आणि पुन्हा तसेच झाले तर?"

"पुन्हा जायचे. आणि मला मागून कळवायचे."

कपाटावरची रुग्णालयाची फाईल त्यांनी खाली काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि दाराजवळच्या खिळ्याला, छत्रीशेजारी अडकवून ठेवली.